ट्रॉलीच्या मागचा अंधार



दिवाळी होऊन गेली. कापसाची पहिली वेचणी घरात आली, सोयाबीन बाजारात गेले आणि हरभऱ्याची पेरणीही बहुतेकांची आटोपली. या दिवसांत या सदरात हरभऱ्याच्या मर रोगाविषयी, नाही तर बोंडअळीविषयी लिहायचे असा दरवर्षीचा रिवाज आहे. पत्रेही तशीच आली आहेत. त्यांची उत्तरे पुढच्या अंकी देईन. आज वावराबाहेरची गोष्ट काढतो आहे. वावर आणि घर, घर आणि बाजार यांच्यामध्ये जो डांबरी रस्ता पडतो, त्याची.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या अंगावरून मोठे रस्ते कसे गेले आहेत ते एकदा डोळ्यांपुढे आणा. मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जो महामार्ग जातो, तो पूर्वी ६ क्रमांकाचा होता, आता त्याला ५३ म्हणतात. सुरतेकडचा माल नागपूर-रायपूरकडे आणि तिकडचे लोखंड, कोळसा इकडे, असा तो रस्ता रात्रंदिवस वाहतो. दुसरा मलकापूरहून राजूरचा घाट चढून बुलढाणा, चिखली, देऊळगावराजा करीत जालन्याला जातो. जालना हे लोखंडी सळईचे गाव, त्यामुळे या रस्त्यावर सळईचे ट्रक. तिसरा मेहकर-सिंदखेडराजाकडचा, नागपूरहून पुण्याला जाणारांचा जुना रस्ता. या तिन्ही रस्त्यांना आपली शेते लागून आहेत. ट्रकवाल्याच्या लेखी तो महामार्ग, आपल्या लेखी ती वावराची वाट. त्याला शंभर कोस जायचे असते, तुम्हाला अर्धा कोस. रस्ता एकच.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला. आपल्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून तो जातो. त्या रस्त्यावर ट्रॅक्टर, दुचाकी, तीनचाकी यांना मुळी प्रवेशच नाही. म्हणजे जड व वेगवान गाड्या आणि हलक्या व सावकाश गाड्या यांना एका रस्त्यावर नांदवणे बरे नव्हे, हे सरकारनेही मान्य केले. शहाणपणाची गोष्ट आहे. पण हे शहाणपण त्या एका रस्त्यापुरतेच. बाकीच्या सगळ्या रस्त्यांवर दहाचाकी ट्रक, कंटेनर, एस.टी., काळीपिवळी, मोटारसायकल, बंडी आणि डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई अशी सगळी मंडळी एकत्रच आहेत, आणि आणखी पुष्कळ वर्षे राहणार आहेत. तेव्हा आपण काय करायचे, एवढाच प्रश्न उरतो.

समृद्धीवरचा १ जुलै २०२३ चा अपघात तुम्हा सर्वांच्या स्मरणात असेल. सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात मध्यरात्री खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. ती बातमी देशभर झाली, होणे योग्यच होते. पण संध्याकाळी फाट्यावर ट्रॉलीला मागून गाडी ठोकली आणि एक शेतकरी गेला, ही बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते. कधी येतही नाही. मोठ्या अपघाताची चौकशी होते, समिती बसते. दोन ओळींच्या अपघातात फक्त एका घराचा कर्ता जातो. सन २०२२ मध्ये देशभरात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत शंभरातले सुमारे ४४ दुचाकीवरचे आणि सुमारे १९ पायी चालणारे होते. म्हणजे मेलेल्यांत निम्म्याहून अधिक लोक असे, ज्यांच्या अंगाभोवती लोखंडाचा पत्रादेखील नव्हता. आणि धडक कशी बसली हे पाहिले, तर मागून बसलेल्या धडकेचा वाटा सर्वांत मोठा; पाचांतला एक अपघात तसा. मागून! म्हणून आज मागच्या बाजूविषयीच अधिक लिहितो.

आता हिशेब करू. शेतकऱ्याला हिशेब सांगितला की पटते.

कार्तिक-मार्गशीर्षात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. वेचणीची मजुरी चुकती करून, कापूस दाबून, ताडपत्री बांधून ट्रॉली निघते ती नेमकी त्याच वेळी. ताशी ६० किलोमीटरने येणारा ट्रक एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येतो. ड्रायव्हरला पुढे काही दिसले, ते काय आहे हे उमगले आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात २५ मीटर संपले. भरलेला ट्रक ब्रेक लागल्यावरही जागच्या जागी थांबत नाही. कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही त्याला आणखी ३५ मीटरच्या आसपास लागतात. झाले ६० मीटर. आणि समोरून गाडी येत असली म्हणजे त्याने दिवा खाली केलेला असतो. खालच्या झोतात अंधारातली वस्तू ४०-५० मीटरवर आल्याखेरीज धड दिसत नाही. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यावर उभी असेल, तर त्या ड्रायव्हरने तुम्हाला पाहिले तेव्हाच वेळ निघून गेलेली असते. मग तो कितीही शहाणा, निर्व्यसनी असो, देवाचे नाव घेऊन निघालेला असो.

ट्रॉली चालती असेल तर थोडी सवलत मिळते, कारण तुम्हीही पुढे सरकत असता. पण मागची गाडी ८० ने येत असेल तर तीही सवलत संपली. त्यात समोरच्या गाडीचा झोत ड्रायव्हरच्या डोळ्यांवर पडला, की दोन-तीन सेकंद त्याला काहीच दिसत नाही. तीन सेकंद म्हणजे ५० मीटर गाडी आंधळी चालली.

मोताळा तालुक्यातल्या एका शिवारफेरीत हे सांगत होतो, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, “येवढी मोठी ट्रॉली हाय साहेब, ते काय त्याले दिसत नाही का?” प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याला ती दिसते. आपण तिच्याजवळ उभे असतो, ती आपली असते, ती कुठे आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या गृहस्थांना त्यांच्याच ट्रॉलीपासून दीडशे पावले दूर नेऊन उभे केले. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. त्यांनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली आणि शेवटी म्हणाले, “पडदा पडल्यावानी वाटते.” तुम्हीही हा प्रयोग घरी करून पाहा. खर्च काही नाही.

आपल्या ट्रॅक्टरांची एक गंमत आहे. पुढे पाहावे तर लग्नाचा मांडव! निळे-हिरवे दिवे, टेपची गाणी, गोंडे, काचेवर मुलाबाळांची नावे. मागे पाहावे तर अमावस्या. ट्रॉलीच्या दिव्याची वायर पहिल्या पावसाळ्यातच तुटलेली असते, ती पुढच्या पोळ्यापर्यंत कोणी जोडत नाही. कारण मागचा दिवा आपल्या स्वतःच्या कामाचा नाही, तो दुसऱ्याला दिसण्यासाठी असतो. वास्तविक ट्रॉलीला मागे लाल दिवे आणि लाल रिफ्लेक्टर असायलाच हवेत असा नियम आहे. पण पोलीस धरतील म्हणून नव्हे, आपला जीव म्हणून ते लावावेत.

ज्याला आपण रेडियम पट्टी म्हणतो, ती प्रकाश पडला की उजळते. तिला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही. चांगल्या प्रतीची पट्टी दोनशे मीटरवरून दिसते. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी असा रंगांचा क्रम असतो, म्हणजे येणाऱ्याला गाडीची कोणती बाजू दिसते आहे ते कळते. मागच्या फळीवर नुसता मध्यभागी तुकडा चिकटवू नका. दोन्ही कडांना उभ्या आणि खाली आडवी अशी लावा, म्हणजे ट्रॉली किती रुंद आहे ते ड्रायव्हरला उमगेल. मधला एकच ठिपका पाहून त्याला मोटारसायकल वाटते आणि तो तेवढीच जागा सोडतो. पत्रा आधी रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसून मग साबणाने धुवा, वाळू द्या आणि मगच पट्टी लावा. तेलकट पत्र्यावर ती आठवडाभरही टिकत नाही. चिखल बसला की पट्टी मुकी होते. म्हणून वावरातून रस्त्यावर चढताना ओंजळभर पाणी आणि फडके मारण्याची सवय ठेवा. सगळा खर्च डीएपीच्या एका पोत्याहून कमीच येतो.

कुटाराची आणि पऱ्हाट्यांची ट्रॉली हा आणखी वेगळा प्रकार आहे. कापूस, कुटार, तुराट्या, पऱ्हाट्या हा माल वजनाला हलका आणि आकाराला मोठा. तो ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे फूट-दोन फूट बाहेर येतो. मग तुम्ही लावलेला दिवा आणि पट्टी दोन्ही त्याच्याखाली झाकून जातात. अशा वेळी मालाच्याच मागच्या टोकाला लाल पट्टी लावलेली फळी किंवा पाटी दोरीने घट्ट बांधावी. खताच्या रिकाम्या पोत्यावर पट्टी शिवून ते पोते बांधणारे एक-दोन जण मी पाहिले आहेत. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख. शक्य असेल तर कुटार, पऱ्हाट्या उजेडातच आणाव्यात. तो माल काही रात्रीतून बाजारात विकायचा नसतो.

बंडीविषयी दोन शब्द. जुन्या माणसांना आठवत असेल, बंडीखाली कंदील टांगलेला असे. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, तेव्हा केंद्रांपुढे बंड्यांच्या रांगाच रांगा लागत. रात्र रस्त्यावरच जाई आणि त्या रांगेत कंदील लुकलुकत. त्या काळी ट्रकही थोडे होते आणि त्यांचा वेगही बेताचा होता. आज कंदील गेला आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. बंडीच्या मागच्या आडव्या लाकडावर आणि चाकांच्या बाजूला पट्टी लावा. समोरून येणाऱ्यासाठी जुवाच्या दोन्ही टोकांना पांढरी लावा. पोळ्याला शिंगे रंगवता तशी शिंगांनाही चिकटवली तर बैलाला काही त्रास होत नाही.

दिसण्याची व्यवस्था झाली. आता थांबण्याची.

बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. असला तरी तो जोडलेला नसतो. उतारावर ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि मागची भरलेली ट्रॉली त्याला ढकलते. ट्रॅक्टर आडवा फिरतो तो असा. राजूर घाटासारख्या उतारावर गिअर खालचा टाकूनच उतरावे, न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याचा मोह धरू नये. दुसरे असे की, ट्रॅक्टरला डावा-उजवा असे दोन ब्रेक असतात, ते वावरात वळण्यासाठी. रस्त्यावर चढण्याआधी दोन्ही पायट्या जोडणारी खिट्टी लावलीच पाहिजे. ती न लावता घाईत एकाच पायटीवर पाय पडला, तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जाऊन उलटतो. जिथे ट्रॉली जोडता त्या खुंटीला क्लिप आहे ना तेही पाहावे. नुसती सळई अडकवून, वर सुतळी बांधून चाललेल्या ट्रॉल्या मी पाहिल्या आहेत. त्या सुतळीवर किती विश्वास!

महामार्ग आता बऱ्याच ठिकाणी चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला. तो आल्यापासून दोन नव्या खोडी आपल्या लोकांना लागल्या आहेत. एक म्हणजे उलट बाजूने चालणे. पलीकडे जाण्यासाठी पुढच्या वळणापर्यंत एक-दीड किलोमीटर जावे लागते, त्याचा कंटाळा येतो आणि मग कडेकडेने समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर ट्रॅक्टर घालायचा. दुसरी खोड दुभाजकाच्या फटीत थांबण्याची. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून आठ-नऊ मीटर लांबी होते. दुभाजकाची रुंदी त्याच्या निम्मीच असते. तुम्ही अर्धा रस्ता ओलांडून मध्ये थांबता आणि पलीकडची गाडी जायची वाट पाहता, तेव्हा तुमची ट्रॉली मागच्या पट्ट्यात आडवी उभी असते. दिवा असला तरी तो मागे असतो. आडव्या ट्रॉलीची येणाऱ्या ट्रकला फक्त बाजू दिसते. म्हणून वर बाजूच्या पिवळ्या पट्टीवर जोर दिला.

ओलांडायला किती वेळ लागतो तेही पाहा. भरलेली ट्रॉली जागेवरून हलून एका बाजूचा रस्ता पूर्ण सोडेपर्यंत सात-आठ सेकंद घेते. तेवढ्यात ८० ने येणारी गाडी पावणेदोनशे मीटर येते. मीटर कोण मोजणार? विजेचे खांब मोजा. दोन खांबांत साधारण पन्नास-साठ मीटर असतात. चार खांबांच्या आत गाडी दिसत असेल तर ट्रॅक्टर रस्त्यावर घालू नका. आणि शक्यतो दोन्ही बाजू एकदम मोकळ्या दिसतील तेव्हाच निघा. सोबत कोणी असेल तर त्याला खाली उतरवून हातात विजेरी द्या.

मोटारसायकलवाल्या तरुणांसाठी थोडे लिहितो, कारण हे पान घरात तेही वाचतात, निदान त्यांच्या आया त्यांना वाचून दाखवतात. भरलेला दहाचाकी ट्रक २८ टनांच्या आसपास असतो, म्हणजे २८ हजार किलो. तुमची मोटारसायकल दोन माणसांसह अडीचशे किलो. शंभराला एक असे हे प्रमाण आहे. इथे चूक कोणाची, हा प्रश्न कोर्टात उपयोगी पडतो, रस्त्यावर नाही. ट्रकच्या केबिनमध्ये एकदा बसून पाहा. नाकासमोरचे काही फूट, डाव्या दाराखालची जागा आणि गाडीच्या थेट मागची जागा ड्रायव्हरला दिसतच नाही. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असे खुशाल समजा. डावीकडून पुढे घुसण्याची तर बातच नको. ट्रॉली वळवताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आतून कापते, धुऱ्यावरची तूर मोडते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ट्रक आणि कंटेनरचेही तेच. तो डावीकडे वळताना तुम्ही त्याच्या डाव्या बाजूला असलात, तर त्या तुरीच्या जागी तुम्ही असता.

ट्रकला ओलांडताना त्याच्या पाठीला चिकटून राहून एकदम बाहेर निघू नये. तो पुढचे सगळे झाकतो. २९ जुलै २०२३ ला पहाटेपूर्वी मलकापूरच्या उड्डाणपुलावर दोन खासगी बसगाड्या समोरासमोर भिडल्या. अमरनाथहून हिंगोलीकडे परतणारे यात्रेकरू त्यांतल्या एका गाडीत होते. सहा जण गेले. ट्रकला ओलांडण्याच्या प्रयत्नात दुसरी बस समोर आली, असे त्या वेळच्या बातम्यांत होते. ड्रायव्हर उंचावर बसलेला आणि रोजचा सरावाचा; त्याची ही गत, तर तुमच्या मोटारसायकलीची काय कथा? आणि हेल्मेट घाला. ऊन लागते, मान दुखते, गावातल्या गावात काय घालायचे, ही सगळी कारणे मी ऐकली आहेत. मागे बसणाऱ्या बहिणींनी पदर आणि ओढणी खोचून घ्यावी. चाकात अडकल्यावर ती सोडवायला वेळ मिळत नाही.

मलकापूरचेच दुसरे उदाहरण याहून आपल्या जवळचे. २० मे २०१९ ला मलकापूरजवळ याच महामार्गावर ट्रक आणि प्रवासी मॅजिक यांचा अपघात होऊन १३ माणसे मरण पावली. मॅजिक, ॲपे, काळीपिवळी यांच्याशिवाय आपले चालत नाही, हे मी जाणतो. एस.टी.ची फेरी चुकली की तीच. वेचणीच्या बाया तर पहाटे त्यांतूनच जातात. पण मोजक्या माणसांसाठी केलेल्या गाडीत पंधरा-सोळा बसली, मागच्या पायरीवर दोघे लटकले, की ती गाडी वळणावर ड्रायव्हरच्या हातात राहत नाही आणि धडक बसल्यावर आतला माणूस बाहेर निघत नाही. वेचणीचे मजूर ने-आण करण्याचा खर्च शेतकरीच देतो. तेव्हा दोन फेऱ्या करायला सांगणे त्याच्याच हातात आहे. एका फेरीचे पैसे वाचतात खरे. पण त्या तेरा घरांपुढे तो हिशेब कोणी मांडून दाखवेल का?

मालावर माणसे बसवण्याचेही तसेच. २० ऑगस्ट २०२१ ला सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ समृद्धीच्या कामावरचे मजूर आणि सळया एकाच टिप्परमधून चालले होते. टिप्पर उलटला आणि १३ मजूर सळयांखाली गेले. आपल्याकडे कापसाच्या ट्रॉलीवर मुले झोपून येतात, मडगार्डवर दोन्ही बाजूंना माणसे बसतात. ट्रॅक्टरवर बसायची जागा एकच असते, ती चालवणाऱ्याची. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. शेतीकामासाठी विमा उतरवलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून वऱ्हाड नेले किंवा मडगार्डवर कोणी बसले आणि अपघात झाला, तर विमा कंपनी जबाबदारी नाकारते आणि भरपाईचा बोजा मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोचतो. पॉलिसी काढताना ट्रॉलीचा उल्लेख तिच्यात आहे की नाही, हे विचारून घ्या.

ट्रकवाल्यांची बाजूही एकदा पाहिली पाहिजे. रात्र-रात्र जागून चालवणारे हेही कोणाचे तरी लेक, बहुतेक शेतकऱ्यांचेच. पण बिघडलेला ट्रक रस्त्याच्या कडेला दगड लावून, दिवे बंद करून सोडून जाण्याची त्यांची जी रीत आहे, ती मात्र अक्षम्य. आपण दिव्याविना ट्रॉली नेतो, ते दिव्याविना ट्रक उभा करतात, आणि त्यावर आदळतो तो दूध घालायला निघालेला पोरगा. असा ट्रक दिसला तर ११२ ला फोन करा. पोलीस येईपर्यंत मागे पन्नास-साठ पावलांवर हिरवी फांदी ठेवा. फांदीचा अर्थ सगळे ड्रायव्हर जाणतात.

रस्त्याच्या कडेला झोपू नका, मजुरांनाही झोपू देऊ नका. २ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजीजवळ महामार्गालगतच्या झोपडीत झोपलेल्या मजुरांवर ट्रक गेला. मेळघाटातून पोटासाठी आलेली माणसे ती. जिनिंगपुढे रांग लागली आणि रात्र काढावी लागली, तर ट्रॉलीखाली झोपण्याऐवजी आवारात आत झोपा. पायी शेगावला जाणाऱ्या भाविकांनी उजव्या हाताने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे आणि दिंडीच्या पुढे-मागे एकेक विजेरी ठेवावी. सोयाबीन, तूर रस्त्यावर वाळत घालण्याविषयी मागे एकदा लिहिले होते. त्यावर दगड मांडून ठेवतात आणि माल उचलल्यावर दगड तसेच राहतात, एवढेच आज पुन्हा सांगतो.

गावाने करायच्या गोष्टी आहेत. फाट्यावर दिवा, दुभाजकाची फट बंद करून सेवारस्ता, झुडपे तोडून मोकळे केलेले वळण, यांसाठी ग्रामसभेचा ठराव करून तो महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा बांधकाम विभागाकडे पाठवावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. जिल्हाधिकारी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष असतात. ठराव नुसता “अपघात होतात” असा नसावा. कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळी, कोणत्या बाजूने, असे पाच-सात अपघात लिहून जोडावेत. कागदावर तारखा असल्या की उत्तर द्यावे लागते.

आणि अपघात झालाच तर? १०८ ला फोन करा. जखमीला उचलताना मान हलू देऊ नका, तोंडात पाणी घालू नका. मदत करणाऱ्याला पोलीस नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातच तसे संरक्षण आहे. तेव्हा “कशाला त्या भानगडीत” म्हणून निघून जाऊ नका. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत पैसे न भरता मिळतात. ठोकून पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. त्यासाठी तहसील कार्यालयात विचारावे.

आमच्या खात्याकडची योजना म्हणजे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. शेतकरी अपघातात गेला तर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख. सातबारा ज्याच्या नावावर आहे तो आणि त्याच्या घरातला आणखी एक जण, असे दोघे १० ते ७५ या वयात तिच्यात बसतात. हप्ता भरावा लागत नाही. सातबारा, गाव नमुना ६-क प्रमाणे वारसाची नोंद, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, पोलिसांचा पंचनामा आणि प्रथम माहिती अहवाल ही कागदे लागतात. चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी. अर्जाला मुदत तीस दिवसांची असते आणि दुःखाच्या घरात तीस दिवस कसे जातात ते कळत नाही. तेराव्याच्या आधी त्या घरात कोणी कागदाचा विषय काढत नाही, काढूही नये. चौदाव्या दिवशी मात्र शेजाऱ्याने जाऊन बसावे, सातबारा कुठे ठेवला आहे ते विचारावे आणि घरातल्या एकाला आपल्या गाडीवर घेऊन तालुक्याला जावे. उजेडात परत यावे.